केरकर, पण कुठल्या केरीचे? एका खापरपणजोबाचा दीड वर्षांचा पाठलाग

आमच्या घरात सगळे ज्याला थोरला आजो म्हणतात तो म्हणजे माझ्या पणजोबांचा बाप, माझा खापरपणजोबा. त्याच्याबद्दल घरात एकूण माहिती अडीच वाक्यांची. केरीहून आला, पोर्तुगीजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडात होता, येताना तलवार घेऊन आला. तलवार कुठाय विचारलं की काका म्हणणार, पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी नेली. विषय संपला.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, मी स्वतः नोकरीमुळे म्हापशात. दोन वर्षांपूर्वी चवथीला गावी गेलो होतो, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता माझ्या पोरीने विचारलं की आपण केरकर तर केरीला का नाही राहत, आणि कुठली केरी? काका म्हणाले पेडण्याची, आत्या म्हणाली फोंड्याची, बाबा काहीच बोलले नाहीत. तिथून हे सगळं सुरू झालं, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो, कारण यात मी केलेल्या चुका दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील असं वाटतं.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, केऱ्या तीन आहेत. एक पेडण्यात, तेरेखोल नदीच्या तोंडाशी, जिथून पलीकडे तेरेखोल किल्ला दिसतो. दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळची. तिसरी फोंड्याची, विजयादुर्गेच्या देवळाची. तिन्हीकडून गेलेला माणूस केरकरच होणार. काकांचं म्हणणं आपण समुद्राकाठचे आणि तरीही राण्यांच्या बंडातले. आता राणे सत्तरीचे, त्यात पेडण्याचा समुद्र कुठून आला हे काकांना विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. आत्याने तर कुणाच्या तरी सांगण्यावरून फोंड्याच्या केरीला दरवर्षी ओटी भरायला सुरुवातही केलीय. देवीची ओटी वाया जात नाही म्हणा, पण पुरावा म्हणून ती धरता येत नाही.

मी पहिल्यांदा केलं ते पिढ्यांचं साधं गणित. बाबा १९५० चे, आजोबा १९१६ चे, पणजोबा साधारण १८८० च्या आसपासचे, म्हणजे थोरला आजो १८५० च्या पुढेमागे जन्मलेला असणार. आता बंड कुठलं? दिपाजी राण्यांचं १८५२ ला नाणूसच्या किल्ल्यावरून पेटलं आणि १८५५ ला मिटलं, तेव्हा आमचा वीर पाळण्यात. कुष्टोबांचं १८६९ ते ७१, तेव्हा तो पंधरा-वीस वर्षांचा, म्हणजे जमू शकतं. तिसरं १८९५ चं, मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार दिला, बंड केलं आणि दादा राणे त्यांच्यात सामील झाले ते. घरी मात्र सगळे दिपाजींचंच नाव घेतात, कारण नाव मोठं आहे. गोष्टीत नेहमी मोठंच नाव शिरतं.

मग कागद. इथे पहिली अडचण ही की आपल्यासारख्या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या मुलखातल्या, हिंदूंचे एकोणिसाव्या शतकातले जन्माचे दाखले मिळतच नाहीत असं धरून चालायचं. तिसवाडी, बार्देस, साष्टीतला कॅथलिक माणूस असेल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या असतात, आईबापांची नावं, कधी आजोबांचीसुद्धा. आपल्याकडे सक्तीची नागरी नोंदणी आली ती १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर. त्याआधी आपण जन्मलो की बातमी देवळात आणि सुईणीकडे, वहीत नाही.

त्यामुळे मी पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीपासून मागे निघालो. ती मिळाली. त्यात ते केरकर. वडिलांचं नाव दिलंय, पण फक्त नाव, पुढे आडनाव नाही. या एका रिकाम्या जागेकडे मी नीट बघायला हवं होतं. मी तिथे मनातल्या मनात केरकर लिहून टाकलं आणि पुढचं एक वर्ष त्या केरकराला शोधत बसलो.

शोधलं कुठे कुठे ते थोडक्यात सांगतो. पणजीचं पुराभिलेख खातं, ज्याची सुरुवात १५९५ ला दियोगो द कौतोच्या हाताखाली तोर्रे दो तोंबो म्हणून झाली. तिथे जुने कागद बघितले, शाईतल्या लोखंडाने अक्षराच्या जागी भोकं पडलेले, पान उलटताना श्वास रोखून धरावा लागतो. पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात सरकारी बोलेती, म्हणजे पोर्तुगीज सरकारची राजपत्रं चाळली, ती १८३७ पासून निघायची आणि त्यात वारसदारांना बोलावणाऱ्या नोटिसा असायच्या. तिथे केरकर सापडले, पण दुसरेच. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत एका मित्राने बघितलं, आमचं कुणी नाही. कुमेरी, म्हणजे डोंगरावर रान जाळून शेती, करणारा माणूस नाशिकला कशाला जाईल. एका कचेरीत तीन हेलपाटे घातले, तिन्ही वेळा ज्याच्याकडे चावी तो रजेवर. सोडा ते.

गावातल्या देवळाचा महाजनांचा, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांचा, कातालोग बघितला. देवस्थानांचा कायदा १८८६ चा, त्यानंतर महाजनांच्या याद्या व्हायला लागल्या. आमच्या गावच्या यादीत आम्ही नाही. हे तसं मला लहानपणापासून माहीत होतं, शिगम्याचा मेळ आमच्या दारात सगळ्यात शेवटी येतो आणि आम्हाला गावकारीचा जोण, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा, नाही, पण यादीत नाव नसलेलं स्वतः बघितल्यावर कळलं की आपण इथले नाही हे खरं आहे, निदान बापाच्या बाजूने. हे शेवटचे तीन शब्द मी तेव्हा नुसते सवयीने वहीत लिहिले होते.

घरी एक कागद होता. पत्र्याच्या ट्रंकेत, पंचांगांच्या खाली, चार घड्या घातलेला. पोर्तुगीज पावती, अर्धी वाळवीने खाल्लेली. वर्षाच्या जागी १८ एवढंच उरलंय, पुढचे दोन आकडे वाळवीच्या पोटात. एका माणसाचं नाव, जे आमच्या घराण्यात कुणाचंच नाही. काका म्हणायचे तो पाखल्यांचा अंमलदार असणार. रक्कम झेराफिन या जुन्या गोव्याच्या नाण्यात. हा कागद मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांकडे नेला, लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले, आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "बाबा, हा अंमलदार नव्हे. पैसे घेतले सरकाराने, दिले या माणसाने. जमिनीचा फोर भरल्याची पावती आहे." म्हणजे वर्षाचा धारा. आणि रक्कम झेराफिनमध्ये आहे याकडे त्यांनीच बोट दाखवलं. १८७१ ला इथलं चलन बदललं, रुपयाचे सोळा टांगे हा हिशेब आला. जुन्या सवयीने लोक नंतरही झेराफिन लिहायचे म्हणून हा पक्का पुरावा नाही, पण सरकारी पावती असेल तर ती त्याआधीची असण्याची शक्यता जास्त. आता थोरला आजो १८५० चा. १८६० च्या दशकात तो पोरगा, हा धारा भरणार कसा? आणि नाव तर त्याचं नाहीच. मग हा कागद आमच्या ट्रंकेत काय करतोय? मी वहीत प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे गेलो. ही दुसरी चूक.

खरी वाट दाखवली ती एका वकील मित्राने, तीही दुसऱ्याच विषयावर बोलताना. तो म्हणाला, माणूस मेला आणि पोरं अज्ञान असली तर इन्वेंतार व्हायचं, कोर्टाला करावंच लागायचं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० ला लागू झाला, आणि त्यात अज्ञान मुलांच्या वाट्याचं रक्षण म्हणून मालमत्तेची यादी, वाटणी, सगळं लिहून ठेवायची पद्धत. मी विचारलं आमच्यासारख्या दोन बैलांच्या घरातपण? तो म्हणाला बघ तरी.

आता इन्वेंतारांची सूची मी वर्षभर आधीच बघितली होती. फोटोसुद्धा होते मोबाइलमध्ये. केरकर नाही म्हणून बाजूला टाकले होते. या वेळी आडनाव विसरून फक्त आमच्या गावचं नाव ज्याच्यापुढे आहे असे सगळे मृत लोक वहीत उतरवले. तीसेक निघाले. त्यातल्या एकाचं पहिलं नाव पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांचं जे नाव तेच, साल १८८९. आडनाव मी वाचलं गाऊंको. असं आडनाव मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन, "रोमी 'सी'च्या पायाखाली शेपटी आहे ती बघितली नाही का? गाऊंसो. गावस!"

गावस. सत्तरीत दगड मारला तर गावसाला लागतो, एवढं ते तिथलं आडनाव.

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, जो खरं तर पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. केरीत राहणाऱ्या माणसाला केरकर कोण म्हणेल? तिथे तर सगळेच केरीचे. केरकर तो होतो केरी सोडल्यावर, आणि तेही स्वतः नाही, दुसऱ्या गावचे लोक त्याला तसं म्हणतात. थोरला आजो जिवंत असेपर्यंत कागदावर गावसच होता, गावाच्या तोंडात केरकर. त्याचा मुलगा पुढे नोंदणीच्या कारकुनासमोर उभा राहिला, त्याने विचारलं आडनाव काय, आणि याने सांगितलं जे लोक हाक मारतात ते. केरकर या नावाने १९१० च्या मागे शोधणं म्हणजे जो माणूस अजून झालेलाच नाही त्याला शोधणं.

मूळ फाईल हातात यायला आणखी दोन महिने. वीसेक पानं, दोऱ्याने शिवलेली. पहिल्याच पानावर त्याची विधवा, काबेस द काझाल म्हणून, म्हणजे घरातर्फे जबानी देणारी. नवरा कधी वारला, कुठे, मुलं किती, वयं काय. मुलगा सात वर्षांचा, हे आमचे पणजोबा. मुलगी चार वर्षांची, जिच्याबद्दल घरात कुणी एक शब्द कधी बोललं नव्हतं. खाली विधवेच्या वतीने दुसऱ्याच कुणाची सही, तिला लिहिता येत नाही असं लिहून. विधवेचं नाव आहे पण ते सासरचं. आपल्याकडे लग्नात बायकोचं पहिलं नावसुद्धा बदलतात, त्यामुळे बाईच्या बाजूचा माग इथेच तुटतो, नव्वद टक्के वेळा.

यादीत बैलजोडी एक, गाय एक, तांब्याची भांडी दोन, समई एक, कोयता एक जुना, भात अमुक खंडी. तलवार नाही. जमीन, जवळजवळ काहीच नाही. घर आहे, पण घराखालच्या जागेबद्दल एक वेगळंच वाक्य आहे, ते मास्तरांनी तीनदा वाचलं, की जागा विधवेच्या बापाच्या आफोरामेंतातली, म्हणजे फोर भरून कायमच्या पट्ट्याने घेतलेल्या जमिनीतली.

पाचव्या पानावर कौन्सेल्यु द फामिलिया, कुटुंब सल्लागार मंडळ म्हणा. हे त्या कायद्यातलं सगळ्यात कामाचं कलम, वंशावळ शोधणाऱ्यांसाठी तर सोनं. अज्ञान पोरांचे जवळचे पाच नातेवाईक, तीन बापाकडचे, दोन आईकडचे, कोर्टाच्या हद्दीत राहणारे. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव. म्हणजे जिथे बाईचं माहेरचं नाव पुसलेलं असतं तिथे तिचा भाऊ येऊन उभा राहतो. बापाकडचे तिघेही गावस, राहणार केरी, सत्तरी. तिथेच पेडणे आणि फोंडा बाद. आणि आईकडचे दोघे राहणार आमच्याच गावचे, आणि त्यातल्या पहिल्याच्या बापाचं नाव तेच, जे ट्रंकेतल्या पावतीवर आहे.

मी पुराव्याची ताकद उगाच वाढवून सांगत नाही. नावं आपल्याकडे आजोबाची नातवाला, त्यामुळे एका नावाचे चार माणूस एका वाड्यावर असू शकतात. पण मुलाचं वय, गाव, बापाचं नाव, पावती आमच्याच ट्रंकेत असणं आणि घराखालची जागा, हे पाच धागे एकाच ठिकाणी येतात, तेव्हा मी तरी मानलं.

मग चित्र असं की सत्तरीच्या केरीतला एक गावस आमच्या गावात आला, इथल्या मुलीशी लग्न करून, तिच्या बापाच्या जागेत घर बांधून राहिला, आणि चाळिशी गाठायच्या आत मेला. सोप्या मराठीत, घरजावई.

आता पुढची गंमत. ते आईकडचे दोघे ज्या घरातले, ते घर आमच्या शेजारचं. गडग्याच्या पलीकडचं. त्यांच्याशी आमचा हद्दीवरून वाद माझ्या जन्माआधीपासून चालू आहे, सर्व्हे झाला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आला, तरी दोन मीटरच्या पट्ट्यावरून तोंड बंद. आणि तरी दर चवथीला त्यांच्याकडून माटोळीला सुपारीचा एक घड येतो, गडग्यावर ठेवलेला असतो, आमची आई तो न बोलता उचलून आणते. का येतो हे मी कधी विचारलं नव्हतं, पाऊस का येतो हे विचारत नाहीत तसं.

त्या घरातली म्हातारी नव्वदीची. मी काकांना न सांगता गेलो. कागद वगैरे काढायच्या आधी नुसतं विचारलं की आजी, आमचं तुमचं काही नातं लागतं का. म्हातारी हसली, बोळक्या तोंडाने, म्हणाली, "पुता, आतां विचारता? तुमचो थोरलो आजो आमचो जांवय."

मी म्हटलं म्हणजे तुमच्याकडची मुलगी आमच्याकडे दिली होती तर.

"आमी चली दिवंक ना," ती म्हणाली, "घोव हाडलो." म्हणजे मुलगी दिली नाही, नवरा आणला.

तिला सासूने सांगितलेलं. सुपारीचा घड म्हणजे लेकीच्या घरी माहेरचा पहिला मान, घरं एकमेकांशी बोलायची बंद झाली तरी बंद करायचा नाही असं सासूने बजावलेलं, म्हणून चालू. दीड वर्ष, पणजीच्या किती खेपा, आणि माहिती चाळीस पावलांवर बसून सुपारी कातरत होती. अर्थात फक्त म्हातारीचं ऐकलं असतं तर काकांनी ते शत्रूपक्षाचं म्हणून उडवून लावलं असतं, आणि कोणती केरी हे तिलाही माहीत नव्हतं. चार वर्षांच्या त्या मुलीबद्दल मात्र तिने एकच सांगितलं, ती जगली नाही म्हणे. कशाने ते नाही.

बंडाचं काय, तर काही नाही. १८९५ बाद, तेव्हा तो मरून सहा वर्षं झाली होती. कुष्टोबांच्या वेळचं मी खोडत नाही, पण होकाराचा एक कागदही नाही. माझा स्वतःचा अंदाज, घरजावई हा शब्द पोरांना शाळेत चिडवायला पुरतो, तेव्हा पुढच्या पिढीतल्या कुणीतरी त्याच्या हातात तलवार दिली असावी. केरीला अजून गेलो नाही. तिथल्या गावस घरांत तीन सल्लागारांपैकी कुणाचं नाव अजून फिरतंय का ते बघायचंय, आणि देवळात कुठला नारळ कुणाच्या नावाने पडतो ते. आत्याला फोंड्याची ओटी बंद कर असं कुणी सांगितलेलं नाही, मी तर नाहीच.

काकांना शेवटी सांगावं लागलं. पडवीत बसवून, फाईलच्या झेरॉक्स पुढ्यात ठेवून, सगळं क्रमाने. घराखालच्या जागेचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले, हे त्यांच्या वकिलापर्यंत जाता कामा नये. मी म्हटलं काका, कोर्टाचा कागद आहे, कुणीही काढू शकतो. घरजावई शब्द मी वापरलाच नाही, तोही त्यांना बरोबर ऐकू आला. बराच वेळ यादी बघत बसले. बैलजोडी, गाय, तांब्याची भांडी, समई. बोट कोयत्यावर थांबलं, पुढे गेलं, परत आलं.

"तलवार कशी लिहितील," म्हणाले, "लपवली असणार. पाखल्यांच्या कोर्टात कोण दाखवतो?"

हे मात्र खरं आहे, इन्वेंतारात लोक सोनंनाणं लपवायचेच, त्यामुळे यादीत नाही म्हणजे नव्हतीच असं मला म्हणता येत नाही, आणि ते मी त्यांना कबूल केलं. त्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. झेरॉक्सची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तू तिच्या बापाचं इन्वेंतार काढ मरे. जागा त्याची होती ना? मग तलवारपण त्याच्याच घरात लपवली असेल."